लांब फिन

नगरच्या स्टँडवर सीमा तिसगावच्या गाडीसाठी रांगेत उभी होती. तिच्या पुढच्या लंगड्या गृहस्थाच्या पिशवीतून पोहताना पायात घालायचे, बेडकाच्या पायांसारखे दोन लांब रबरी फिन डोकावत होते आणि त्याची बायको धुसफुसत होती.

“पाठीला हवेचं सिलिंडर लावून बुडी मारायला आत्ता कुठं शिकताय, अन् फिन येवढे लांब?”

“लांब फिन लई जोरात नेतात.”

“जोर पायाला लावावा लागतो. तुमाला जिना चढवत न्हाई. दुकानदार आखूड, मऊ दावीत हुता.”

“ते पोरासोरांचे. मला हिरीत पडलेल्या पंपाच्या मोटारी काढायच्यात.”

“खाली जायला कमरेचा धोंडाबी पुरतो. वर कसं येनार?”

गाडी लागली. तो पिशवी घेऊन रांगेतून बाजूला झाला.

“आता कुठं?”

“मऊ कुठले हुते, निळे का पिवळे?”

“पिवळे. चला, मीबी येते.”