चंद्रीची धार आन् माझं जुनं लुगडं

…आन् वर म्हणं, "तुला काम काय असतंय गं दिवसभर?" ऐका बायांनो! दळायचं, पाणी शेंदायचं, शेण काढायचं, भाकऱ्या थापायच्या, चंद्री म्हशीची धार काढायची… आन् आमचं धनी तालमीच्या कट्ट्यावर मिशीला पीळ देत बसणार! तुम्हास्नी सांगते, एरवी गप बसले असते मी. पर माझी लेक बायडी पहिल्या बाळंतपणाला आलीया, नववा लागलाय, आन् बाळाची वाकळ अजून अर्धी! नव्या कापडानं त्येचं अंग सोलवटंल न्हवं? म्हणून माझं जुनं, धुवून धुवून मऊ झाल्यालं लुगडं वर लावायला काढून ठेवल्यालं. पर शिवू कवा? उजेड हाय तवर हात मोकळा न्हाय, हात मोकळा झाला की उजेड न्हाय!

शेवटी म्हटलं, "अवो, आजपास्नं धार तुम्ही काढायची." तेवढंच एक काम कमी!

"हात्तिच्या! त्यात काय अवघड हाय?" खासबागेच्या नव्या मैदानात म्हाराजांपुढं कुस्ती मारल्याला गडी, बसला की म्हशीखाली. चंद्रीनं मान वळवली, हुंगलं… आन् दिली लाथ! चरवी तिकडं, पटका शेणात! तीन दिस ह्योच तमाशा. मीच परत सुई टाकून धारंला. कुठलं एक काम कमी? ह्यांचं अंग शेकायचं वाढलं की!

शेजारची नजीरा भाभी भिंतीवरनं बघत हुती. म्हणाली, "बाळाबाई, जनावर वासावर वळखतंय. तुझं लुगडं नेसव की त्यास्नी!"

"मी? लुगडं? तालमीत तोंड कसं दावू?" हे गरजलं. तवर आतनं बायडी कण्हली, "आये, कंबर…" कळा न्हवत्या, नुसती कंबर भरल्याली, पर हे पांढरंफट! बाळ दारात आन् वाकळ अर्धीच! लगीच हात पुढं केला. "आण."

आता दांडीवरचं नवं चालतंय व्हय? चंद्रीला मी वर्सानुवर्सं नेसून धार काढली त्येचाच वास पायजे. म्हंजे वाकळंसाठी काढल्यालंच! नेसवलं. डोईवर पदर, पदराखाली मिशा… आन् काय सांगू, चंद्रीनं पान्हा सोडला की! चरवी फेसानं भरली! समदी तालीम दारात गोळा. "गणपतराव, जरा मुरका की!" आन् हे खालनंच, "दूध पायजे तर भांडं आणा, न्हायतर वाटंला लागा!"

तेवढंच एक काम कमी झालं बघा. असं मोकळं वाटलं, असं मोकळं! उजेडात बसले, टाका घालते… पर वर लावू काय? लुगडं तर म्हशीखाली!

मग ह्यांचाच पटका घेतला. "मैदानात मिळालाय गं त्यो!" म्हटलं, "तीनदा शेणात पडून तीनदा धुतलाय, मऊसूत झालाय. नातवाला नको?" त्येंनीच घडी घालून हातात दिला.

परवा नातू झाला. आज्ज्याच्या पटक्यावर गाढ निजतोय, आन् मी उन्हात पाय पसरून त्येच्याकडं बघत बसते. सुखात हाय बायांनो, खोटं कशाला बोलू? फकस्त सकाळ-संध्याकाळ गोठ्यातनं हाक येती, "अगं, निऱ्या घाल की! सुटल्या बघ परत!"

…तेवढंच एक काम वाढलं.