कोरियाच्या काकडीला दोनदा मीठ

चंद्रभान — ती फोनमधली कृती राहू दे जरा. तू ऐक सूनबाई, तुला एका आचाऱ्याचा किस्सा सांगतो. असा किस्सा की हातातली सुरी थांबंल. पण थांबवू नको. साक्षी घंट्याभरात यायलीय.

अपेक्षा — घंटा कुठला मामा, अर्धाच ऱ्हायला. काकड्या चिरून झाल्या माझ्या. मीठ बी लावून ठेवलंय, पाणी सुटायलंय.

चंद्रभान — सुटू दे. तर आचारी असा, की चारशे माणसाच्या वरणाला चमचा लावत नसं. नुसता उकळीचा आवाज ऐकायचा अन् म्हणायचा, मीठ कमी हाय.

अपेक्षा — आवाजावरून मीठ?

चंद्रभान — मंग! लोक म्हणायचे, ह्याच्या कानाला जीभ फुटलीय.

अपेक्षा — तुमचं काय बी असतंय. किस्सा मागून सांगा. आज साक्षीला चव पटली न्हाई तर तिचे बाबा तिच्या उद्याच्या साखरपुड्याला पूर्णेचा आचारी आणायलेत. आत्यांना तोंडावर सांगितलंय त्यांनी. अन् साखरपुडा गेला की लग्नाचा सैपाक बी गेला.

चंद्रभान — दत्तरावच्या लग्नाचं मी रांधलंय. त्याचा बाप घरी आलता सुपारी द्यायला. अन् आता त्याची लेक माझी काकडीवर परीक्षा घ्यायलीय.

अपेक्षा — तिनंच तुमचं नाव लावून धरलंय, न्हाईतर कवाच गेलं असतं. दिवसभर कोरियाच्या मालिका बघती, तिला साखरपुड्यात तेच पाहिजे. हे बगा. लसूण, पातीचा कांदा, जाडी कुटलेली मिरची, सोया सॉस, व्हिनेगर, तिळाचं तेल. साखर त्या डब्यात.

चंद्रभान — तिळाचं तेल? ते तर तुझ्या सासूचं हाय, शनिवारी मारुतीला घालायचं!

अपेक्षा — न्हाई ओ, जिंतूरहून नवीन बाटली आणलीय. त्यातलं घेतलं तर आत्या मला जित्ती ठेवतील का?

चंद्रभान — म्हंजे कोशिंबीरच की. दाण्याच्या कुटाजागी तीळ.

अपेक्षा — कोशिंबीर न्हाई मामा. सॅलड.

चंद्रभान — काकडी हाय, कांदा हाय, वरून तेल हाय. कोरियातल्या बायांना कोशिंबीर म्हणता येत नसंल, मला येतंय. चाळीस वर्ष तेच कालवायलोय. सरक. पाणी पिळलंस का?

अपेक्षा — हे पिळलं. तुमी कालवा, तवर मी तीळ भाजते. साखर मी टाकीन शेवटी.

चंद्रभान — भाज, भाज. करपवू नको... हां. झालं बग. चाखली मी. एकदम बरोबर.

अपेक्षा — बगू. थू! मामा!

चंद्रभान — काय झालं?

अपेक्षा — मीठ! निव्वळ मीठ हाय. तुमी परत टाकलं?

चंद्रभान — मंग? कोशिंबिरीला मीठ सगळ्यात मागून. पंगत बसली की टाकायचं, न्हाईतर पाणी सुटून लेंदा होतोय. हे तू मला शिकवणार?

अपेक्षा — पण हिला आधीच लावलं होतं. मी तुमाला सांगितलं बी.

चंद्रभान — कोशिंबीर म्हणलं की हात जातो. गेला.

अपेक्षा — हात गेला, मान्य. पण तुमी चाखली. चाखून बरोबर म्हणलाव.

चंद्रभान — तुझीच जबान नाजूक हाय. तुझं माहेर पूर्णेचं, तिकडच्या माणसाला मीठ सोसत न्हाई.

अपेक्षा — मामा, ह्यात जीभ सुद्धा ठेववंना गेली.

चंद्रभान — खामखा वाढवू नको! चार काकड्या ऱ्हायल्यात ना? कर दुसरी. ते पातेलं सरकव कोपऱ्यात.

अपेक्षा — करते. ठेचून घेते, म्हंजे पाणी लवकर सुटंल. तुमी बसा तिथं. मिठाला हात लावू नका.

चंद्रभान — माझ्याच घरात मला बसा म्हणायलीस. बसतो.

अपेक्षा — ... घ्या. मिठाचं मी बगितलंय. साखर जास्त झाली का, तेवढं सांगा.

चंद्रभान — हं. जराशी जास्तच. पण खपंल.

अपेक्षा — मामा, साखर मी अजून टाकलीच न्हाई.

चंद्रभान — टाकली न्हाई?

अपेक्षा — डबा बगा. झाकण बी उघडलं न्हाई.

चंद्रभान — तू मला फसवलंस?

अपेक्षा — फसवलं. रागवा पाहिजे तेवढं. पण काय झालंय ते सांगा.

चंद्रभान — आपला किस्सा अर्धा ऱ्हायला.

अपेक्षा — किस्सा नको आता! तिची गाडी कवाबी यील.

चंद्रभान — ऐक गं. त्या आचाऱ्याला गेल्या पावसाळ्यात ताप आला. आठ दिस. ताप उतरला, बायकोनं मऊ भात दिला. तो म्हणला, मीठ इसरलीस. ती म्हणली, टाकलंय की. मंग त्यानं लोणचं मागितलं. ते बी तसंच. माती खाल्ल्यावानी. तिखट तेवढं कळायचं, ते बी जीभ पोळती म्हणून.

अपेक्षा — मंग त्यानं बायकोला सांगितलं का?

चंद्रभान — कामून सांगंल? चाळीस वर्ष लोक त्याच्या चवीसाठी दारात यायलेत. गुपचूप डाक्टरकडं जाऊन आला. डाक्टर म्हणला, यील तर यील. तवर त्यानं अंदाजावर निभावलं. इतक्या माणसाला इतक्या मुठी. हाताला पाठ होतं सगळं.

अपेक्षा — अन् गावातल्या राजेश्रीच्या लेकराच्या बारशाला वरण खारट झालं, तवा?

चंद्रभान — मूठ दोनदा पडली असंल.

अपेक्षा — तवा काय केलं त्या आचाऱ्यानं?

चंद्रभान — तुला मालूम हाय.

अपेक्षा — तुमच्या तोंडून ऐकायचंय.

चंद्रभान — बजरंगाचं नाव घेतलं. वीस वर्षापासूनचा जोडीदार. चारचौघात म्हणला, ह्यानं टाकलं मीठ, ह्याला अक्कल न्हाई. बजरंगानं हातातली पळी खाली ठेवली अन् गेला. आजपावतर पाय ठेवला न्हाई त्यानं माझ्या... त्या आचाऱ्याच्या दारात.

अपेक्षा — सारं बोरी गाव बजरंगभाऊला नावं ठेवायलंय मामा. त्यांना कुणी कामाला बोलवंना.

चंद्रभान — ठावं हाय.

(बाहेर स्कूटी थांबते.)

अपेक्षा — आली. साखर टाकते, तीळ टाकते. तुमी काय बोलू नका. मी सांगते, मामानं केलीय.

साक्षी — वहिनी! आबा! झालं का? बाबांचे तीन फोन आले. पूर्णेवाला तिकडं होकाराची वाट बघतोय म्हणे.

अपेक्षा — बस की. ही घे.

साक्षी — हं... आई गं! सेम! करकरीत, आंबट, गोड, मागून तिखट. आबा, सॉलिड! मी बाबांना तेच म्हणत होते, बारशाला आबांचं न्हाई चुकलं, त्या बजरंगनं घोळ घातला. त्यांना पटतच नव्हतं. उद्या दीडशे माणसाला असंच होईल ना?

अपेक्षा — होईल की. कामून न्हाई होणार?

चंद्रभान — न्हाई व्हायचं.

अपेक्षा — मामा!

चंद्रभान — माझ्याकडनं न्हाई व्हायचं. ही चव माझी न्हाई साक्षी, हिची हाय. मला पावसाळ्यापासून काय बी कळंना झालंय. गोड न्हाई, खारं न्हाई. बारशाचं वरण मी खारट केलं. बजरंगानं मिठाला हात बी लावला न्हवता.

साक्षी — चेष्टा करायलाव का आबा?

चंद्रभान — ते कोपऱ्यातलं पातेलं बग. त्यातली एक फोड चाख. ती माझी.

साक्षी — ... पाणी द्या वहिनी.

चंद्रभान — कळलं?

साक्षी — आता मी बाबांना काय सांगू? मी भांडले तुमच्यासाठी. सगळ्या भावकीसमोर भांडले.

चंद्रभान — तू काय बी सांगू नको. मी येतो सांगायला. आधी बजरंगाकडं जातो, मंग तुझ्या बापाकडं.

साक्षी — ते लय चिडतील.

चंद्रभान — चिडू दे. त्याचा हक्क हाय.

साक्षी — वहिनी, तुमी याल का उद्या? आबा करतील, तुमी चाखायचं.

अपेक्षा — मी? परक्याच्या मांडवात, चुलीपाशी, चार बाप्यांत? आत्या काय म्हणतील? ... मामा, तुमी सांगा.

चंद्रभान — मी न्हाई सांगत. चाळीस वर्ष माझ्या पळीला मी दुसऱ्याचा हात लागू दिला न्हाई. आता गरज पडली म्हणून तुला हुकूम सोडू का?

अपेक्षा — मंग मीच सांगते. येते मी. पण बजरंगभाऊ आले तरच.

साक्षी — मी हे डब्यात नेते. बाबांना आधी खाऊ घालते, मंग तुमी या. पण आबा, लवकर या. बाराच्या आत ते पूर्णेला हो म्हणून टाकतील.

अपेक्षा — सावकाश चालव गं!... गेली. मामा, काम जाईल असं वाटायलंय मला.

चंद्रभान — जाईल बी. टोपी कुठाय माझी?

अपेक्षा — खुंटीला. आत्या हरबऱ्याच्या रानातून आल्यावर काय सांगू?

चंद्रभान — तिला मी सांगीन. सगळ्यात आधी तिलाच सांगायचं होतं, तिथंच चुकलं.

अपेक्षा — वाटीभर उरलीय ह्यातली. खाऊन जा. सकाळपासून पोटात काय न्हाई तुमच्या.

चंद्रभान — दे... लय करकर वाजती.

अपेक्षा — अजून घ्या की.

चंद्रभान — बास. अपेक्षा, एक ऐकशील का माझं? रोज नको. कधीमधी, आपण जेवायला बसल्यावर, तुझा पयला घास झाला की... कसं लागतंय, तेवढं मला सांगत जा.