मठाच्या पाटात पाणी सोडल्याबाबत

मी, सोलेन मारेशो, वय २७ वर्षे, व्यवसाय नोकरी (सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या जुन्या मठातील कलाकेंद्रात प्रदर्शन-सहायक), राहणार मोंब्रेल, बर्गंडी, फ्रान्स, पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की,

शिल्पकार श्रीमती क्लोतिल्द व्हेर्ने यांनी मठाच्या भोजनगृहातील कोरड्या दगडी पाटात कच्च्या मातीचे चाळीस मासे मांडले होते. ते पाटात मांडू नयेत, असे मी त्यांना लेखी कळवले होते. "पाटाशिवाय माशांना अर्थ नाही," असे उत्तर आले. शनिवार, दि. ५ ऑक्टोबर रोजी सकाळी ९.१० वाजता निवृत्त गवंडी श्री. फिर्मँ कुर्तो, वय ७८, यांनी वरच्या तळ्याचे पाणी अडवणारी फळी उचलली. नऊ मिनिटांत माशांचा चिखल झाला.

छतावर झाडे उगवलेला हा पडका मठ कुर्तोकाका व गावकऱ्यांनी एकतीस वर्षे खपून पुन्हा उभा केला आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी काका पाट धुतात. न धुतल्यास गाळ साचतो व भिंतीत ओल चढते.

श्रीमती व्हेर्ने ओरडल्या, "मुद्दाम केलंत तुम्ही! वर्षाची मेहनत होती माझी!"

काका म्हणाले, "मासेच ना बाई? मग पाण्याला काय भितात?"

मी काकांना गप्प राहण्याची विनंती केली. ती मानली गेली नाही.

कृत्य हेतुपुरस्सर ठरल्यास काकांकडून मठाची किल्ली काढून घेऊन त्यांना प्रवेशबंदी करू, असे कलाकेंद्राच्या संचालकांनी कळवले आहे. म्हणून स्पष्ट नमूद करते की, पाणी न सोडण्याची सूचना मी मुख्य दारावर लावली होती. गावकरी गिरणीकडच्या दाराने येतात, हे मला ठाऊक होते. तोंडी सांगण्यासाठी मी तीनदा काकांच्या अंगणापर्यंत गेले व संकोचाने परतले. चूक माझी आहे.

येथवर लिहून होताच शेजारच्या बाकावरून काका म्हणाले, "वाचली होती की पोरी, तुझी पाटी! पण ओलीला कुठं वाचता येतं?"

हे लिहू नये, असे मी जबाब लिहून घेणाऱ्या साहेबांना सांगितले.

"लिहा हो," काका म्हणाले. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली व ती माझ्याकडे सरकवली. "पुढच्या महिन्यात पहिल्या शनिवारी पाणी तू सोड. फळी डावीकडून उचल, उजवीकडे कुजली आहे."

मी हो म्हटले आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. चूक माझी असल्याचे वाक्य खोडू नये.