काल काय खाल्लं?

(इस्त्रीचं दुकान. एक टेबल, कपड्यांचे गठ्ठे. आहाराचा वर्ग घेणाऱ्या बाई दारात उभ्या, हातात फॉर्म.)

बाई : तीस फॉर्म आणि तिसांवर एकच उत्तर. अंडं, दूध, पालेभाजी, एक फळ. तुम्हीच सांगितलंत ना सगळ्यांना?

इस्त्रीवाली : सांगितलं. लांब उभ्या राहा, इस्त्री तापलीय.

बाई : प्रश्न होता, काल काय खाल्लं. खोटं का लिहिलंत?

इस्त्रीवाली : खोटं कुठलं? तुमच्याच तक्त्यावरून उतरवलं. काना-मात्रा चुकली नाही.

बाई : तक्ता खाल्ला होता का तुम्ही?

इस्त्रीवाली : जिभेला आवर घाला, बाई. आम्ही शिकायला येतो, बोलणी खायला नाही.

बाई : मग ऐका. हे वाचून ऑफिसनं कळवलंय, या वस्तीचं खाणं उत्तम आहे. पुढच्या महिन्यापासून वर्गातून मुलांना मिळणारी अंडी बंद.

इस्त्रीवाली : बंद? बरोबर उत्तर दिलं म्हणून?

बाई : बरोबर उत्तर मागितलंच नव्हतं कुणी.

इस्त्रीवाली : असं? पहिल्या दिवशी त्या शिवणवालीनं खरं लिहिलं होतं, चहा आणि पाव. तुम्ही तिचा कागद सगळ्यांसमोर वर धरलात. म्हणालात, याला खाणं म्हणतात का? बिचारी पुन्हा फिरकली नाही. तेव्हाच ठरवलं, आता कुणी नापास व्हायचं नाही.

बाई : मी समजावून सांगत होते.

इस्त्रीवाली : चारचौघींत लाज काढून? आणि माझ्या कागदावर सहा महिने लाल शाईनं 'छान'. पोरीनं एक भिंतीला चिकटवलाय. तुम्हाला एकदाही शंका आली नाही?

बाई : आली होती.

इस्त्रीवाली : मग?

बाई : वर्गाचा निकाल चांगला दिसत होता.

इस्त्रीवाली : म्हणजे आपण दोघी पास. अंडं तेवढं माझ्या पोरीचं गेलं.

बाई : शुक्रवारपर्यंत नवे फॉर्म देता येतात. खरे हवेत.

इस्त्रीवाली : आणि पुन्हा वर धरणार?

बाई : नाही. चुकलंच माझं तेव्हा. तुम्ही सांगा, मी लिहिते. काल काय खाल्लं?

इस्त्रीवाली : पोरीनं की मी?

बाई : तुम्ही.

इस्त्रीवाली : सकाळी चहा. दुपारी चहा. संध्याकाळी पोरीच्या ताटात उरेल ते.

बाई : काय उरलं होतं?

इस्त्रीवाली : काल अंडं होतं, बाई. काही उरलं नाही.