फर्स्ट शिफ्टच्या परीकथा

— छे, तिथं 'बेकार' कशाला लिहिताय, 'नोकरी' लिहा. मीपण तेच लिहिलंय. संध्या मॅडम ग्रंथपाल आहेत इथल्या, भली बाई, व्यवसायाच्या रकान्याकडं बघतसुद्धा नाहीत. फक्त वय बघतात आणि हसतात. हसू द्या. खाली गट आहे ना, बालगट, कुमारगट, खुला गट — 'खुला'वर खूण करा. खुल्या गटात कोण? मी, एक रिटायर मास्तर आणि आता तुम्ही. मास्तर नातवाचं नाव घालायला आले होते, नातू पळाला, मास्तर अडकले. बसा हो भाऊ. डबा टेबलावर नको, खाली पायापाशी ठेवा.

कसं ओळखलं म्हणजे? अहो, मे महिन्यात, मंगळवारी सकाळी दहा वाजता, वाचनालयाच्या बालविभागात सेफ्टी बूट घालून कोण येतं? एक तर वाट चुकलेला माणूस, नाहीतर सातपूरला कंपनीनं काढलेला. तुम्ही वाट चुकल्यासारखे दिसत नाही. कधी काढलं? परवा? मग अजून गरम आहे. मला दिवाळीत काढलं. टर्नर होतो, चौदा वर्षं. एका दुपारी बोलावलं, सही घेतली, उद्यापासून येऊ नका म्हणाले. घरी गेलो तर सविता — बायको — करंज्या तळत होती. म्हटलं सण आहे, उद्या सांगू. उद्या फर्स्ट शिफ्ट होती. तिनं पाचला उठून डबा भरला. भरलेला डबा हातात दिल्यावर काय सांगायचं, सांगा बरं? घेतला आणि निघालो. तुम्हीपण तसेच निघालात ना? मग झालं तर.

आता नीट ऐका, हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. साडेसहाला घरातून निघायचं, आठपर्यंत सीबीएसला, एसटी स्टँडच्या बाकावर बसायचं — तिथं प्रत्येक जण कुठंतरी चाललेला असतो, कुणी विचारत नाही. आठला हे उघडतं. खाली पेपर वाचा. पण पेपरवाल्यांना बाराला बाहेर काढतात, थेट चारला घेतात. मग उन्हात जायचं कुठं? रामकुंडावर बसलात तर शेजारीण दर्शनाला येते. बागेत बसलात तर दोन दिवसांनी माळी चौकशी करतो. उघडा राहतो तो हा हॉल, तोपण या स्पर्धेपुरता, आणि ज्याचं नाव त्या बोर्डावर आहे त्यालाच बसता येतं. पंखा आहे, माठ आहे. म्हणून हा फॉर्म. स्पर्धा साधी आहे — पाडव्यापासून शाळा उघडेपर्यंत चाळीस पुस्तकं, पण सगळी परीकथा, पुराण, जादू, राक्षस यांची. खरी गोष्ट चालत नाही. आपल्याला तर सोयीचंच आहे ते. एक पुस्तक संपलं की मॅडमला गोष्ट थोडक्यात सांगायची, त्या नावापुढं चांदणी चिकटवतात. तो बघा बोर्ड, किशोर लिहिलंय ना, तो मी. एकतीस झाल्या. सहावीतल्या एका पोरीच्या तेहतीस आहेत, लय चिडते माझ्यावर.

सातपूरच्या बसनं येऊ नका, ओळखीचे भेटतात. डबा मागच्या जिन्यात खायचा. आणि हात — दाखवा तुमचे. हां, अजून कामाचे आहेत. पंधरा दिवसांत नखं साफ होतात, महिन्यात चामडी मऊ पडते, आणि बायकोला सगळं फसवता येतं, हात नाही फसवता येत. मी ग्रीसची छोटी डबी ठेवलीय पिशवीत. निघताना नखांत थोडं, अंगठ्याला थोडं. घरी जाऊन मोरीत खसाखसा धुवायचं, तिच्यासमोर. हसू नका, सहा महिने चाललं हे. घरी कुणाला पत्ता नाही.

गोष्टी? आधी नुसती पानं उलटायचो. मग लागला नाद. माणूस चाळिशीत पहिल्यांदा परीकथा वाचतो ना, भाऊ, तेव्हा त्याला त्या खऱ्या वाटतात, लहान पोराला नुसत्या छान वाटतात. एक होती — विहिरीच्या तळाशी गाव, खाली जाणाऱ्यानं आपलं नाव काठावर ठेवून जायचं, आणि वरून कुणी नावानं हाक मारली तरच त्याला वर येता येतं. मी ती चैतालीला सांगितली. चैताली माझी मुलगी, सात वर्षांची. रोज संध्याकाळी इथली गोष्ट तिला घरी जाऊन सांगायचो. ती विचारायची, पप्पा, कंपनीत तुम्हाला गोष्टी कोण सांगतं? आता काय बोलायचं? म्हटलं, एक म्हातारा फिटर आहे, सावळीराममामा, मशीन चालू असताना सांगतो. मग काय, सावळीराममामा जेवले का, त्यांना दात आहेत का, त्यांना लाडू नेऊन द्या. नेला. जिन्यात बसून मीच खाल्ला. सुट्टी लागली होती तिला, दिवसभर घरात कंटाळायची. बालगटात नाव घालता आलं असतं, दोघं एका टेबलावर बसलो असतो. पण आणली असती तर घरी बोलली असती. म्हणून नाही आणली.

विहिरीची गोष्ट मी तिला अर्धीच सांगितली होती. पुस्तक मोठं होतं, संपलं नव्हतं. म्हटलं उरलेली उद्या, मामांना विचारून येतो. सकाळी निघताना तिच्या कपाळाला हात लावला तर तापलेलं. सविता म्हणाली, आज नका जाऊ, दांडी मारा. मी म्हटलं, काम लय आहे, साहेब सोडायचा नाही. साहेब! मला कुठंच जायचं नव्हतं, भाऊ. सीबीएसच्या बाकावर जायचं होतं. पण खोटं बोलायला लागलं की माणूस खऱ्यापेक्षा जास्त वक्तशीर होतो. चौदा वर्षांत चिक्कार दांड्या मारल्या, या सहा महिन्यांत एकही नाही.

दहा वाजता तिला झटके आले. सवितानं शेजारच्या चंदरला कंपनीच्या गेटवर पिटाळलं, ह्यांना बोलवा, आणि ते सावळीराममामा असतील तर त्यांनाही घेऊन या, पोरगी त्यांचं नाव घेतेय. वॉचमन म्हणाला, सावळीराम नावाचा माणूस इथं कधी नव्हता, आणि किशोर दिवाळीपासून नाही. चंदर मित्रांकडं गेला, दारूच्या दुकानांत बघून आला, पत्त्यांच्या अड्ड्यावर गेला. दवाखान्यात नेली तिला, तो दवाखाना इथून दोन गल्ल्या पलीकडं. सगळीकडं शोधलं मला. टर्नर माणसाला बालविभागात कोण शोधणार? मी इथंच होतो, तुम्ही बसलात त्याच खुर्चीत. विहिरीची गोष्ट संपवत होतो. त्या दिवशी लवकर संपली, चांदणीपण मिळाली. घरी गेलो सव्वाचारला, वेळेवर, तर कुलूप. दवाखान्यात पोचलो तोवर तिला झाकलं होतं. सविता रडत नव्हती. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही, हातांकडं बघितलं. ग्रीस लावलेलं होतं मी.

आखाजीच्या सणाच्या दोन दिवस आधीची गोष्ट ही. बारा दिवस झाले.

काय म्हणालात? हो, म्हटलं मघाशी, घरी पत्ता नाही. खोटं म्हटलं. सवय आहे. सगळ्या गल्लीला माहीत आहे. तरी सविता पाचला उठते, डबा भरते, दारात ठेवते. बोलत नाही. तिला मी दिवसा घरात नको असतो, एवढं मला कळतं. म्हणून येतो. ग्रीस नाही लावत आता.

तुम्हाला मूल आहे का? मुलगा? दोन वर्षांचा. बोलायला लागला असेल. आता तुम्ही-बिम्ही सोडतो, लहान आहेस माझ्यापेक्षा. पेन ठेव खाली. मी तुला हे सगळं शिकवत बसलो, बस कुठली, जिना कुठला, नखांना काय लावायचं — अक्कल गहाण टाकलीय मी. तू आल्यावर मला बरं वाटलं, सोबत झाली, तेवढ्यासाठी. द्या तो — दे तो फॉर्म इकडं. नाही, उद्या नाही. मीपण उद्याच म्हटलं होतं. आत्ता साडेदहा झालेत, बायको भांडी घासत असेल, जाऊन तिच्यासमोर बस आणि सांग. ओरडेल. रडेल. माहेरी जाते म्हणेल. म्हणू दे, ऐकून घे, पण तिला माहीत असू दे तू कुठं आहेस ते. माझं काय? माझं काही नाही, मला अजून नऊ पुस्तकं वाचायची आहेत. बघू नको असा माझ्याकडं, ऊठ.

मॅडम, यांचं नाव बोर्डावर लिहू नका. नाही, वाचायचं नाहीये यांना. हो, घरी चाललेत.

जा.