एकसष्टावा झेल

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि इथे जर्मनीत आपल्या वोल्फ्सबुर्गच्या मराठी मंडळाचा गाडा गेली नऊ वर्षं ओढणाऱ्या आदरणीय ऊर्मिलाताई, नागेशभावजींचे पूर्वीचे विभागप्रमुख आणि आजचे प्रमुख पाहुणे हेर डॉक्टर लिंडेमान, व्यासपीठावर गळ्यातला हार सांभाळत अवघडून बसलेले सत्कारमूर्ती नागेशभावजी, त्यांच्या शेजारी त्यांची बायको, आमची प्रभा, समोर जमलेली सर्व वडीलधारी आणि तरुण मंडळी, आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळ, अंगातलं जॅकेटही न काढता बसलेले आमचे हे, म्हणजे श्रीयुत शशिधर, आपणा सर्वांना या कुमुदिनीचा नमस्कार.

ह्यांचं नाव मी वेगळं घेतलं, कारण ते समारंभाला आलेले नाहीत असं त्यांचं म्हणणं आहे. ते मला सोडायला आले आहेत. सोडायला आलेला माणूस दीड तास हॉलमध्ये का बसतो, हे मी विचारलं नाही. बाहेर उणे चार आहे, असं ते म्हणतील.

ऊर्मिलाताईंनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि सहाच्या आत हॉल झाडून परत द्यायचा आहे. आल्झो, तर मुद्द्यावर येते. नागेशभावजी एकतीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात ब्रेकच्या विभागात होते. त्या कामाबद्दल हेर लिंडेमान इतकं सुंदर बोलले की मला निम्मं कळलं नाही तरी डोळे भरून आले. माझ्या वाट्याला भावजींच्या आयुष्याची दुसरी बाजू आली आहे. ती बाजू म्हणजे अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधले वाइड रिसीव्हर.

वाइड रिसीव्हर म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही असं कोणी या सभागृहात उरलं असेल तर मी त्याचं मनापासून अभिनंदन करते. त्याच्यासाठी सांगते. त्या खेळात एक गडी लंबगोल चेंडू लांब फेकतो. दुसरा गडी मैदानाच्या कडेकडेने जीव घेऊन पळतो आणि तो चेंडू झेलतो. हा पळणारा म्हणजे वाइड रिसीव्हर. बास. एवढ्याशा गोष्टीवर माझ्या घरातली नऊ वर्षं गेली आहेत.

भावजी एकोणीसशे शहाऐंशी साली अमेरिकेत शिकायला होते, मक्याच्या शेतांच्या मधोमध वसलेल्या एका कॉलेजात. कॉलेजचं नाव मी घेत नाही, घेतलं की भावजी उभे राहतात. तिथे तेव्हा डेल बकरिज नावाचा रिसीव्हर होता. पुढे तीस वर्षांनी आमची लेक सिया त्याच कॉलेजात एका सत्रासाठी गेली. भावजींनीच शिफारस केली होती. आमचे हे तिला भेटायला गेले, एक सामना बघितला आणि टायरेल मोझ्ली नावाच्या रिसीव्हरच्या प्रेमात पडून परत आले. विमानतळावरून घरी यायच्या आधी भावजींच्या दारात गाडी उभी केली आणि म्हणाले, "नाग्या, तुझा बकरिज गेला."

तुम्ही विचाराल, ह्यांनी मोझ्लीमध्ये नेमकं काय पाहिलं? मी विचारलं होतं. ते म्हणाले, जागा सावलीत होती आणि दिसत छान होतं. खरं कारण मला ठाऊक आहे. भावजींनी मोझ्ली निवडला असता तर ह्यांनी बकरिज निवडला असता.

आता सामान्य माणसं काय करतील? दोघांचे आकडे शेजारी ठेवतील आणि जेवायला बसतील. पण हे दोघं मोटारींतले इंजिनीअर. जुनी गाडी जुन्या चाचणीत पळाली आणि नवी गाडी नव्या चाचणीत, तर त्यांचे आकडे थेट लावता येत नाहीत, मध्ये गुणक लागतो, हे दोघांचं एकमत. त्यांचं हे एकच एकमत, आणि त्यानेच घात केला. एक एक्सेल तयार झालं. शहाऐंशी साली सामने कमी होते, त्याचा गुणक. तेव्हा चेंडू फेकण्यापेक्षा घेऊन पळायचे, त्याचा गुणक. हिरवळ खरी की प्लास्टिकची, त्याचा गुणक. वारा. पाऊस. चेंडू फेकणाऱ्याची लायकी. त्रेचाळीस रकाने झाले, तेव्हा मी बघायचं सोडलं.

मग हातमोज्यांचा प्रश्न आला. हल्लीचे रिसीव्हर चिकट हातमोजे घालतात आणि बकरिज भर थंडीत उघड्या हातांनी झेलायचा. त्याचा गुणक कुठल्याच पुस्तकात मिळेना. म्हणून एका रविवारी दुपारी चेंडू चार तास माझ्या फ्रीझरमध्ये, मटाराच्या आणि खोवलेल्या नारळाच्या मध्ये ठेवण्यात आला. मग इमारतीच्या मागच्या अंगणात हे फेकणार आणि भावजी पळत जाऊन झेलणार, वीस वेळा उघड्या हातांनी, वीस वेळा हातमोजे घालून. भावजी तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते. प्रभा वही घेऊन, मी टेप घेऊन. सव्विसावा चेंडू तळमजल्यावरच्या बाईंच्या बटाट्याच्या सॅलडमध्ये पडला. चार दिवसांनी इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमायस्टरचं पत्र आलं, रविवारच्या शांततेच्या वेळात अंगणात लंबगोल वस्तू फेकू नयेत. मी विचारलं, आता तरी थांबाल? तर हे म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. शनिवारी फेकू."

मंडळालाही यांनी सोडलं नाही. एका गणपतीत कार्यक्रमपत्रिकेवर 'दोन कालखंडांचा तौलनिक अभ्यास' असं छापलं होतं. लोकांना वाटलं पेशवाई असणार. मुलांना मुद्दाम घेऊन आले, ब्राउनश्वाइगहून दोन कुटुंबं आली. सत्तर मिनिटं बकरिज आणि मोझ्ली ऐकून लोक आरतीला उभे राहिले. सियाने त्या दिवशी ह्यांना सांगितलं, "पापा, एस राइख्ट." पुरे झालं म्हणे. आणि हेर लिंडेमान यांना तर दोघांनी मिळून पंच नेमलं होतं. बिचारे तीन बैठकांना आले. तिसऱ्या बैठकीपर्यंत त्यांना वाटत होतं की गोलकीपरची तुलना चालली आहे, कारण सगळे हाताने झेलतात. गेनाऊ, बरोबर ना, हेर लिंडेमान? ते मान हलवताहेत. त्यांना माझं मराठी कळत नाही, पण सवय झाली आहे.

तुम्ही हसताय, मीही हसायची. दर गुरुवारी भावजी यायचे, मी पोहे करायची आणि रात्री हे जेवताना खुशीत असायचे. सव्वीस वर्षांची ओळख. परदेशात माणसाला नातेवाईक मिळत नाहीत, ते बनवावे लागतात, आणि आम्ही भावजी आणि प्रभाला बनवलं होतं.

मग गेल्याच्या गेल्या दिवाळीचा कार्यक्रम आला. त्याला आज चौदा महिने झाले.

भांडण एका झेलाचं. शहाऐंशीच्या मोसमातला शेवटचा सामना. भावजी सांगतात, बकरिजने अगदी कडेला, एका हाताने चेंडू घेतला आणि त्याचा पाय रेषेच्या आत होता. पंचांनी तो बाहेर दिला. म्हणून कागदोपत्री त्याचे झेल साठ. भावजींच्या हिशेबी एकसष्ट. चित्रफीत नाही, फोटो नाही. एक साक्षीदार, आपले सत्कारमूर्ती.

ह्यांनी काय केलं? त्या स्टेडियमचा जुना नकाशा मिळवला. भावजी कुठल्या रांगेत, कितव्या खुर्चीवर बसले होते ते गप्पांच्या ओघात काढून घेतलं. दृष्टीचा कोन मोजला. आणि दिवाळीच्या फराळानंतर, चाळीस माणसांसमोर, प्रोजेक्टरवर लाल रेघ काढून दाखवली की त्या खुर्चीवरून ती कडा दिसूच शकत नाही. आणि म्हणाले, "एक तर तू तिथे नव्हतास, किंवा तू काही बघितलं नाहीस."

लोक हसले. मीही हसले, ते मला आज कबूल करायचं आहे. भावजी हसले नाहीत. त्यांनी चकलीची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "बरोबर असेल तुमचं." सव्वीस वर्षं अरे-तुरे करणारा माणूस 'तुमचं' म्हणाला. त्यानंतर गुरुवारचे पोहे मी दोघांपुरतेच करते, आणि तेही उरतात. हे रोज संध्याकाळी एक्सेल उघडतात, काही न लिहिता बंद करतात. भांडायला कोणी नाही म्हणून माझ्याशी भांडतात, पण मला बकरिजचं काय पडलंय? त्यांना मजा येत नाही.

या गुरुवारी भावजी आणि प्रभा कऱ्हाडला कायमचे चालले. घर रिकामं झालं, आबमेल्डुंग झाली, या गावाच्या दप्तरातून त्यांचं नाव निघालं. मला भीती वाटते, ती सरळ सांगते. विमान सुटलं की हे भांडण असंच राहील. या वयात परत भेट होतेच असं नाही, आणि फोनवर माफी मागणारा नवरा मी केलेला नाही.

गेल्या आठवड्यात मी प्रभाकडे खोकी बांधायला गेले होते. तिने मला एक गोष्ट सांगितली आणि कोणाला सांगू नकोस म्हणाली. प्रभा, मला क्षमा कर, मी सांगते आहे.

त्या सामन्याच्या आदल्या दिवशी भावजींना तार मिळाली होती. वडील गेले होते, आणि तार पोचेपर्यंत सगळं उरकलंही होतं. बावीस वर्षांचा मुलगा, तिकिटाचे पैसे नाहीत, जाऊन उपयोगही नाही. खोलीतल्या सोबत्याला काय बोलावं कळेना, म्हणून त्याने सामन्याचं तिकीट हातात कोंबलं. भावजी तिथे जाऊन बसले. बकरिजने तो झेल घेतला आणि पन्नास हजार माणसं उभी राहिली. शेजारच्या कानटोपीवाल्या धिप्पाड माणसाने ओळख ना पाळख, भावजींना मिठी मारली. आणि भावजी त्याच्या खांद्यावर हमसून हमसून रडले. वडील गेल्यावर पहिल्यांदा. त्या माणसाला वाटलं, पोरगं झेलासाठी रडतंय. तो पाठीवर थोपटत सांगत राहिला, पाय आत होता, मी पाहिलंय, पाय आत होता.

अहो, आता कळलं का तो कोन तुम्ही कशाचा मोजलात?

मी काही पुढे बोलत नाही त्यावर. भावजी बुटांकडे बघताहेत, त्यांना अवघड झालं असेल. माझी वेळ संपत आली आहे. तेव्हा नियमाप्रमाणे सत्कारमूर्तींच्या लाडक्या खेळाडूचा गौरव करून आवरते. तर अशा त्या डेल बकरिजने शहाऐंशीच्या मोसमात एकूण चोपन्न झेल घेतले.

चोपन्न.

भावजी, तुम्हीही गप्प? पूर्वी वरणात मीठ किती चमचे, याचा आकडा चुकला तरी तुम्ही दुरुस्त करायचात. बरं. चोपन्न तर चोपन्न.

कोण बोललं मागून? अहो, पुटपुटू नका, तिथे माइक नाही. उभे राहून सांगा. काय म्हणालात?

एकसष्ट.

सर्वांना ऐकू आलं? हेर लिंडेमान, आइन-उंट-झेख्त्सिश. हो, हो, तोच आकडा. अहो, पण तुमच्या एक्सेलमध्ये तर साठ आहेत. काय? एक्सेल चुकलं असेल? छत्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकते आहे. कोणी लिहून घ्या.

भावजी, बसा, हार अडकेल. बरं, उतरा. प्रभा, जाऊ दे त्यांना. ते काय म्हणताहेत? "शश्या, पाय आत होता." हो, ह्यांनी मान हलवली. जॅकेट काढलं. आता हे काय म्हणताहेत? पाय आत होता, पण तरीही मोझ्लीच सरस. झालं. सुरू झालं. ह्यांना आता गुरुवारपर्यंत कोणी थांबवू नका.

मंडळी, मला बोलू दिल्याबद्दल ऊर्मिलाताईंची, इतकी वर्षं न कळताही ऐकत राहिलेल्या हेर लिंडेमान यांची, आणि स्वयंपाकघरात बटाटेवडे तळणाऱ्या सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, दहाची वीस मिनिटं झाली, मैत्रिणीचा शब्द मोडला, तर मोठ्या मनाने पोटात घाला. चोपन्नाबद्दल मात्र मी माफी मागणार नाही. तो आकडा चुकून गेलेला नाही, मला झोपेतून उठवून विचारलंत तरी बकरिजचे झेल सांगता येतात. फक्त हे साठ म्हणतील की एकसष्ट, तेवढं मला ठाऊक नव्हतं. साठ म्हणाले असते तर पुढे काय बोलायचं, ते मी लिहून आणलेलं नव्हतं.

धन्यवाद.