काढ ती पट्टी

बलभीम : थू! थू! शिवराज, अरं हे काय घातलंस बापाच्या तोंडात?

शिवराज : खवा हाय, दादा. आपल्याच भट्टीचा. सकाळीच उतरवला.

बलभीम : ह्याला खवा म्हणतोस? टाळूला असा चिकटलाय, जणू सायकलीच्या ट्यूबला ठिगळ लावायचंय. जिभंवर तेलाचा तवंग! दारातल्या कुत्र्याला एक घास टाकला. त्यानं हुंगलं, माझ्याकडं बघितलं अन् तेर गावच्या वाटंनं जे पळालं, ते अजून आलं न्हाय.

शिवराज : कुत्रं ते काय, ओट्याखाली झोपलंय.

बलभीम : ते दुसरं.

दीपाली : आबा, पप्पा, जरा हळू. माझं मॉडेल अडलंय इथं लॅपटॉपवर.

शिवराज : व्हय, आधी ते. दादा, उद्या पुण्याचा मिठाईवाला येतोय. दूध कुठनं येतं, खवा कुठं जातो, सगळं त्याला पडद्यावर हलताना बघायचंय. त्याला पटलं की वर्षभराची ऑर्डर आपली. पोरीला धाराशिवला इंजिनिअरिंगला घातली, ती असल्या दिवसासाठीच. दाखव, दीपे.

दीपाली : आबा, तुम्ही पण बघा. याला पेट्री नेट म्हणतात.

बलभीम : पेटारी?

दीपाली : बरं, पेटारी. हे गोल म्हणजे जागा. हा दुधाचा कॅन, हा खव्याचा डबा. आतले ठिपके म्हणजे माल. आणि मधली ही उभी पट्टी, ट्रान्झिशन, म्हणजे काम. हिचं नाव ठेवलंय ‘आटवणे’. कॅनातून पट्टीत एक बाण, पट्टीतून डब्यात एक बाण. पट्टी हिरवी झाली की टिचकी मारायची. कॅनातले ठिपके कमी होतात, डब्यात एक वाढतो.

बलभीम : अन् कॅन रिकामा असला तर?

दीपाली : तर हिरवीच होत नाही. किती पण टिचक्या मारा.

बलभीम : लई इमानी पट्टी हाय गं. ह्या घरात आली कशी?

दीपाली : तिथंच तर घोडं अडलंय. सगळं दूध संपलं, आणि पप्पांनी सांगितलेले डबे निम्मेच भरले.

शिवराज : म्हणून तर मघापासनं सांगतोय, डब्याशेजारी आणखी एक पट्टी काढ.

दीपाली : पट्टी काढायला काय लागतंय? वरच्या रांगेतलं हे पट्टीचं चित्र धरायचं, मोकळ्या जागेत टिचकी मारायची. ही बघा, झाली. पण हिच्यात बाण कुठून आणू?

शिवराज : आत कशाला बाण? नुसता बाहेर दे, डब्याकडं.

दीपाली : आत बाण नसलेली पट्टी कायम हिरवी राहते, पप्पा. तिला काहीच लागत नाही. ही टिचकी, हा खवा. ही टिचकी, हा खवा.

शिवराज : झक्कास! असंच पायजे.

दीपाली : झक्कास काय! उद्या गावातल्या सगळ्या म्हशी विकल्या तरी खवा येतच राहील. तो माणूस काय आंधळाय?

शिवराज : मग दे एक बाण. पाठीमागं आणखी एक गोल टाक.

दीपाली : टाकला. नाव काय देऊ गोलाला?

शिवराज : दे काहीतरी.

दीपाली : काहीतरी म्हणजे काय? पहिला सवाल तो हाच करणार, ह्या गोलात काय आहे म्हणून.

शिवराज : ‘इतर’ लिही.

बलभीम : इतर? ते इतर आत्ता माझ्या टाळूला बसलंय! लिव पोरी, पामतेल लिव. पावडर लिव. आणखी कायकाय घाण हाय ते तुझ्या बापाला इचार.

शिवराज : दादा, सणासुदीला दूध पुरत न्हाय. सगळा बाजार हेच करतो.

बलभीम : बाजार शेण खातो म्हणून आपुन ताट मांडायचं? अन् डब्यावर तोंड कुणाचं छापलंस? फेटा, मिशा, खाली मोठ्या अक्षरात ‘बलभीम खवा’! माणसं माझ्या मिशांवर इश्वास ठिऊन लेकरांच्या तोंडात ते घालणार. आज पहिल्यांदा शिसारी आली रं मला, माझ्याच मिशांची.

शिवराज : खोट्याची शिसारी? तुमाला? दादा, पारावर बसून जन्मभर थापा मारण्याबिगर काय केलंत? ती चंद्री म्हैस कुणाची? दुष्काळात वैरणीची काडी न्हाय, अन् रेडिओवर पावसाचा अंदाज लागला की पान्हा सोडायची म्हणं!

बलभीम : सोडायचीच. अंदाज खोटा निघाला तर दुसऱ्या दिवशी दूध जरा पातळ यायचं, एवढंच.

शिवराज : ऐकलंस, दीपे? वैरण न्हाय अन् दूध हाय. ती म्हंजे आत बाण नसलेली पट्टीच की! बापाची म्हैस चालती, पोराची पट्टी तेवढी चालत न्हाय.

दीपाली : आबा, यात मात्र पप्पांनी तुम्हाला धरलं.

बलभीम : धरलं खरं. चंद्रीला बाण नव्हता, कबूल. पण शिवराज, तिचं दूध आजपतूर कुणी पेलं का रं?

(शिवराज डब्याचं झाकण काढतो. बोटावर जरासा खवा घेऊन चाखतो.)

दीपाली : पप्पा? काय लिहू गोलात?

शिवराज : काढ ती पट्टी.

दीपाली : मघाशीच काढली की.

शिवराज : तसं न्हवं. काढ.

दीपाली : काढू म्हणजे? आखू का पुसू?

शिवराज : पूस. तो गोल बी पूस.

दीपाली : डबे निम्मेच भरतील मग. त्यानं विचारलं तर?

शिवराज : दूध जेवढं, तेवढाच खवा, असं सांगू. घेतला तर घेतला.

बलभीम : अन् सकाळचा घाणा?

शिवराज : उकिरड्यावर घालतो. दीपे, ते राहू दे आता. तांब्या घे, दादांना चूळ भरायला पाणी दे.

दीपाली : आणते.

शिवराज : जरा जास्तीचं आण. मला बी लागंल.